लास्ता कोरडी होईपर्यंत

उवाला, २ मार्च २०१५

प्रिय निवेस,

तुझं पत्र शुक्रवारच्या बोटीने मिळालं. फोन उचलत नाही म्हणून माझी चांगलीच कानउघाडणी केली आहेस, पण पोरी, कानच बंद झालेत तर उघडणार काय? फोनमधून मला नुसती खरखर ऐकू येते. समोरून तू बोलतेस की कोणी वाळू चाळतंय, काही कळत नाही. पत्र बरं. ते मला पाहिजे तितक्या मोठ्याने वाचता येतं.

आता तुझ्या बोटीचं. तुझी आई असती तर म्हणाली असती, "सत्तेचाळीस वर्षांची बाई, नवरा गेला सोडून, लेक गेली आयर्लंडला, आणि हिला आता शीड उभारायचंय." मी तसं म्हणणार नाही. माझ्या बहिणीला समुद्र कधी आवडलाच नाही, म्हणून तर ती कार्लोवाकच्या माणसाशी लग्न करून तिकडे जाऊन बसली.

इथे एक बोट आहे. नाव लास्ता. पाकोळीला आपण म्हणतो तेच. त्सेल्येचा म्हातारा बोगोमिल दर उन्हाळ्यात यायचा तो तुला आठवतो का, पायात मोजे घालून पोहायला उतरायचा तो? तो दोन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून बोट माझ्या घरासमोर बांधलेली आहे आणि तिची देखभाल मी करतो. त्याची बायको झोर्का म्हणते, कोणीतरी घेऊन जा, मला ती बघवत नाही. फायबरची आहे, अठ्ठ्याहत्तर साली बांधलेली, सात मीटर. मूळची पांढरी, आता जुन्या दातासारखी पिवळट झालीय. तुझा धंदाच दातांचा, त्यामुळे तुला तो रंग बरोबर कळेल. इंजिन एका सिलिंडरचं, सकाळी उठायला कुरकुर करतं पण उठतं. शिडं ठिगळाची. पावसात पुढची खिडकी गळते, खाली टोपली ठेवायची. बाकी बोट ठणठणीत आहे. मी तिला एक दिवसही पाण्याबाहेर काढलेली नाही.

ये आणि बघ. खोल्या सगळ्या रिकाम्या आहेत. हिवाळ्यात आमच्या गल्लीत धूर निघतो तो फक्त माझ्याच धुराड्यातून.

तू करून दिलेली कवळी छान आहे. कपाटात ठेवली आहे.

तुझा मामा
श्पिरो

—

कार्लोवाक, ११ मार्च २०१५

प्रिय मामा,

कवळी कपाटात ठेवायला नाही बनवली मी! तुझ्या जबड्याचा ठसा घेताना तू मला कडकडून चावला होतास, त्या बोटाची शपथ, ती तोंडात घाल. आणि काढून ठेवशील तेव्हा पाण्याच्या पेल्यात ठेव, नाहीतर सुकून वाकडी होईल.

बोट मी घेते. न बघताच. झोर्काबाईंशी बोलून घेतलं, त्या फोनवर रडल्या, मग मीही रडले. कारण काही नव्हतं. दोन बायका आणि एक पिवळी बोट, एवढंच.

तुला वेडेपणा वाटेल, पण सांगते. दिवसभर मी लॅबमध्ये मान खाली घालून दुसऱ्यांचे दात घासते. संध्याकाळी घरी आले की फ्रिजच्या घरघरीशिवाय आवाज नसतो. मिर्ता रविवारी आयर्लंडहून फोन करते, पाच मिनिटांत तिची मैत्रीण दाराशी येते. मला एक गोष्ट हवी आहे जिचं काही ना काही रोज बिघडेल आणि जिला माझी गरज पडेल. लोक कुत्रा पाळतात. मी बोट पाळते.

मी ईस्टरला दोन दिवस येते. बोट वर काढून तिचा तळ बघायचाच, मुर्तेरच्या तिहोमिरशी बोलले आहे, तो फायबरचं काम जाणतो. सगळं नीट झालं की मी तिला सुकोशानच्या मरीनात, बोटी ठेवायच्या धक्क्यावर, हलवणार. कार्लोवाकहून तिथे गाडीने दोन-अडीच तासांत पोचते. तुझ्याकडे यायचं तर फेरीबोटीतच सुट्टी संपते. रागावू नको.

तुझी
निवेस

—

उवाला, १० जुलै २०१५

प्रिय निवेस,

तू ईस्टरला येऊन गेलीस त्याला आता बरेच दिवस झाले. तुझ्यामागे लॅबचं काम असेल. लास्ता माझ्या अंगणात टेकूंवर उभी आहे, क्रेनवाल्यांनी ठेवली तशीच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आता समुद्र दिसत नाही, तिचं पोट दिसतं. मला चालतं. समुद्र मी खूप बघितला आहे.

त्या दिवशी तळाला फोड बघून तुझा चेहरा पडला होता. तिहोमिरने सुरीने एक फोड उघडला आणि आतून व्हिनेगरसारखा वास आला, तेव्हा तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मीच सॅलडमध्ये ओततो ते तिथे ओतलंय. तू म्हणालीस, "मामा, हिला अशीच राहू दे, शरद ऋतूत काम सुरू करू." पण तुला काळजी नसावी म्हणून कळवतो, तुझी बोट मी उघड्यावर मरू दिलेली नाही.

यंदा उन्हाळा भयंकर आहे. असल्या उन्हात माझ्या वडिलांची होडी तीन दिवस वर राहिली तर फळ्या आकसून मधून हाताचं बोट जाईल एवढ्या भेगा पडायच्या. म्हणून मी रोज ऊन उतरलं की समुद्रातून बादल्या भरून आणतो आणि लास्ताला नीट भिजवतो, नाकापासून सुकाणूपर्यंत. दोन्ही बाजूंना गोणपाट बांधलंय, तेही ओलं ठेवतो. गल्लीतले जर्मन पाहुणे फोटो काढतात. गुडघे दुखतात, पण त्यांनाही काही काम हवंच. एकही भेग पडू दिलेली नाही. येऊन बघ.

तुझा मामा
श्पिरो

—

कार्लोवाक, १६ जुलै २०१५

मामा,

बादली खाली ठेव.

गोणपाट सोड. हे पत्र वाचून होण्याआधी जाऊन सोड, मग पुढचं वाच.

सोडलंस? आता ऐक. लास्ता लाकडाची नाही. तिला फळ्याच नाहीत, मग भेगा कुठून पडणार? ते फोड आले कारण ती वर्षानुवर्षं पाण्यातच राहिली आणि पाणी तिच्या कातडीत शिरलं. ते बाहेर यावं म्हणून तर तिला वर काढली! तिला हवा पाहिजे, ऊन पाहिजे, कोरडा वारा पाहिजे. आणि तू तिला उन्हाळाभर रोज आंघोळ घातलीस, तीही खाऱ्या पाण्याने.

पत्र वाचून आधी मी ओरडले. मग लॅबमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं आणि हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या मालकीणबाई म्हणाल्या, असा मामा मला असता तर मी बोट बुडवून दुसरी घेतली असती. मला तुझ्यावर रागावता येत नाही. तुझे गुडघे आठवतात आणि जिवाला लागतं. पण आता एक थेंबही नाही. शपथ घे.

निवेस

—

उवाला, ३ ऑगस्ट २०१५

प्रिय निवेस,

शपथ घेतो. गोणपाट काढलं, वाळवलं आणि बकरीवाल्या यूरेला देऊन टाकलं.

पण एक गोष्ट मला समजावून सांग. मार्चच्या पत्रात तू लिहिलंस, प्लॅस्टिकचे दात पाण्यात ठेव, सुकले तर खराब होतील. जुलैच्या पत्रात लिहितेस, प्लॅस्टिकची बोट कोरडी ठेव, भिजली तर खराब होईल. दोन्ही पत्रं तुझ्याच हातची आहेत. माझ्यासारख्या माणसाने काय करायचं? मी कवळी पेल्यात ठेवली आहे आणि बोट उन्हात. माझ्याकडून चूक झाली असेल तर अदलाबदल करतो.

हसलीस ते बरं केलंस. इथे माझ्यावर हसायलाही कोणी नाही. दोब्रिला होती तेव्हा रोज हसायची, भाकरी कापताना, पायमोजे वाळत घालताना. तुझी मामी हसायला लागली की मला ऐकू यायचं, बहिरा असलो तरी.

पाहुणे महिनाअखेर जातील. मग तू येशील ना?

श्पिरो

—

कार्लोवाक, ४ ऑक्टोबर २०१५

प्रिय मामा,

घरी पोचले. हाताला अजून खाज सुटते आहे, फायबरची कुसळं आंघोळीनेही जात नाहीत. इतकं घासकाम मी आयुष्यात केलं नव्हतं, आणि मी घासण्यावरच पोट भरते.

तळाचा सगळा जुना थर निघाला हे फार छान झालं. तिहोमिरने गरम गोड्या पाण्याने ती धुतली तेव्हा तू पायरीवर उभा राहून जे तोंड केलं होतंस ते मी पाहिलं. हो, पाणी ओतायचंच होतं. फक्त समुद्रातलं नाही. म्हणजे तू अर्धा बरोबर होतास. खूश?

आता हिवाळ्याचं काम तुझ्याकडे. वरचं ताडपत्रीचं छप्पर वाऱ्याने सुटू देऊ नको. आत केबिनमध्ये ती छोटी विजेची शेगडी संध्याकाळी लाव आणि सकाळी बंद कर, म्हणजे आतून ऊब मिळेल. आणि तिहोमिरने दिलेली ओल मोजायची डबी दर रविवारी खडूच्या खुणांवर टेकवून आकडा मला कळव. आकडा उतरत गेला पाहिजे. उत्तरेचा कोरडा बूरा वारा महिनाभर वाहिला की ती खणखणीत कोरडी होईल, असं तो म्हणतो. मग वसंतात नवा थर द्यायचा, डोलकाठीच्या तारा बदलायच्या, पुढची खिडकी बसवायची, मेमध्ये पाण्यात. मग सुकोशान.

आठवडाभर होते, पण तुझ्याजवळ निवांत बसलेच नाही. तू मासा भाजून हाक मारायचास आणि मी "आले, आले" करत तो गार करायची. फेरीबोट वळेपर्यंत तू धक्क्यावर उभा होतास. मी हात केला, तुला दिसला का?

निवेस

—

उवाला, २७ डिसेंबर २०१५

प्रिय निवेस,

हात दिसला.

नाताळच्या शुभेच्छा. आदल्या दिवशी सुका कॉड मासा भिजवून बटाट्याबरोबर शिजवला. माणसाने एकट्यापुरता कॉड शिजवूच नये, त्याला कमीच करता येत नाही. तीन दिवस तोच खातोय. यूरेलाही एक वाडगा दिला. आता तोही लेकीकडे शिबेनिकला गेला, बकऱ्या विकून.

आकड्याचं काही समजत नाही. नोव्हेंबरात भराभर उतरला. मग थांबला. बाहेरून डबी लावली तर वाढतही नाही, कमीही होत नाही. बूरा चांगला वाहतोय, ताडपत्री मी दोनदा बांधली. मधे चार दिवस दक्षिणेचा दमट यूगो वारा आला तेव्हा सगळंच ओलं झालं, भिंती, मीठ, माणूस. पण शेगडी तू सांगितलीस तशी रोज लावतो. कधीच विसरत नाही.

लास्ता फार गुणी आहे. ताडपत्रीवर पाऊस पडला की मला ऐकू येत नाही, पण पाठीला कळतो. बारीक बारीक टकटक होते. असा पाऊस मला कित्येक वर्षांत कळला नव्हता. बोगोमिलने उशाशी छोटी फळी ठोकली आहे, तिच्यावर चष्मा आणि कप दोन्ही मावतात. शहाणा माणूस होता, मोजे घालायचा तरी.

मिर्ता आली होती का नाताळला?

श्पिरो

—

कार्लोवाक, १४ जानेवारी २०१६

मामा,

मिर्ता आली नाही. विमान महाग होतं, मग सुट्टी मिळाली नाही, मग आणखी काही. मी लॅबमधून एक कवळी घरी आणली आणि नाताळच्या दिवशी तिला पॉलिश केली. बस्स, तो विषय संपला.

तुझं पत्र तिहोमिरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, असं होऊच शकत नाही. एवढा बूरा, वर छप्पर, आत शेगडी, आणि आकडा थांबला? पाणी कुठून तरी येतंय.

मी सरळच विचारते. तू अजून तिच्यावर पाणी ओततोस का?

आणि आणखी एक विचारते, कारण इतके दिवस ते मनात आहे. ती कोरडी झाली की मी तिला घेऊन जाणार, हे तुला माहीत आहे. ओली राहिली तर ती तुझ्याच अंगणात राहणार. मामा, तू तिला मुद्दाम ओली ठेवतो आहेस का? तसं असेल तर मला सांग. पण अशी लपवाछपवी नको. मी माझ्या साठवलेल्या सगळ्या सुट्ट्या, सगळी उमेद त्या बोटीत घातली आहे. मला दुसरं काही नाही.

निवेस

—

कार्लोवाक, २६ फेब्रुवारी २०१६

प्रिय मामा,

जानेवारी गेला, फेब्रुवारीही संपत आला, तुझं पत्र नाही. पोस्टमन जिन्यात दिसला की मी दार उघडते. तो आता मला बघून मान हलवतो.

शनिवारी तिहोमिर स्वतःच्या बोटीने तुझ्याकडे येऊन गेला. तुला भेटला नाही, तू चर्चला गेला होतास म्हणे. त्याने लास्तावर शिडी लावली आणि आत डोकावला. मग मला फोन केला. म्हणाला, "बाई, तुमच्या बोटीला आतून घाम फुटलाय. भिंतींवरून थेंब ओघळतायत. तिच्यात कोणीतरी श्वास घेतंय."

मी म्हटलं, म्हणजे?

तो म्हणाला, "म्हणजे कॉफीचं भांडं आहे, सूपचं पातेलं आहे, उशी आहे, दारात पाय पुसायचं फडकं आहे. दोरीवर दोन सदरे वाळत घातलेत. खाली सपाता आहेत, अगदी नीट जोडून ठेवलेल्या. तुमचा मामा तिथे राहतो."

मी तुझं नाताळचं पत्र काढून पुन्हा वाचलं. पाऊस पाठीला कळतो, उशाशी कप ठेवायची फळी आहे, सगळं तू लिहिलं होतंस. मी वाचलं आणि मला आकडाच दिसला. वर तुझ्यावर आळ घेतला.

मला माफ कर. आणि ऐक, तिथून हलू नकोस. शेगडी लाव, सूप कर, सदरे वाळव. ओली राहिली तर राहू दे. फोड आलेल्या बोटीसुद्धा चालतात, तिहोमिर म्हणतो त्याची स्वतःची तशीच आहे. लास्ता पुढच्या वर्षी कोरडी होईल, नाहीतर त्याच्या पुढच्या. मला घाई नाही.

तुझीच
निवेस

—

उवाला, २५ फेब्रुवारी २०१६

प्रिय निवेस,

उत्तर दिलं नाही कारण आधी राग आला. तुझ्या आईनेही मला कधी खोटारडा म्हटलं नव्हतं. मग राग गेला आणि लाज वाटली, आणि लाजेत पत्र लिहिता येत नाही. पण शनिवारी चर्चमधून आलो तर चिखलात तिहोमिरच्या बुटांचे ठसे शिडीपर्यंत होते. म्हणजे तुला कळलंच असेल. आता माझ्याकडून ऐक.

पाणी मी ओतलं नाही. मुद्दाम तर नाहीच.

ऑक्टोबरात तू गेल्यावर मी शेगडी लावायला वर चढलो. ती नीट पेटली की नाही बघायला जरा टेकलो. आत ऊब होती. दुसऱ्या दिवशी कॉफी घेऊन गेलो. मग थंडी वाढली, सारखं शिडीवरून चढउतार करायचं कशाला, म्हणून उशी नेली. मग बाकीचं आपोआप आलं.

निवेस, आपलं घर मोठं आहे. सहा माणसांसाठी बांधलेलं. मी जेवायला बसलो की पाच खुर्च्या माझ्याकडे बघतात. दोब्रिलाचा पलंग, तुझ्या आईची खोली, आमचा मुलगा एवढासा असतानाच गेला त्याचा पाळणा माळ्यावर. एका खोलीतून दुसरीत गेलो की वाटतं कोणीतरी आत्ताच इथून उठून गेलं. लास्तामध्ये तसं नाही. हात लांब केला की चूल, पाय लांब केले की भिंत. एका माणसाने ती भरते. तिथे कोणी नाही असं वाटायला जागाच उरत नाही. एवढंच कारण आहे. माझ्या श्वासाने ती भिजते हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर श्वास बाहेर येऊन घेतला असता.

आज सगळं सामान खाली आणलं. आता घरातच झोपतो. दारं-खिडक्या तिच्या उघड्या ठेवल्या आहेत, शेगडी चालू आहे, बूरा आरपार जातोय. मेपर्यंत कोरडी होईल. तू खुशाल घेऊन जा. बोट अंगणात ठेवायची वस्तू नव्हे, हे मला तुझ्याआधी माहीत होतं.

तुझा मामा
श्पिरो

—

सुकोशान, १८ सप्टेंबर २०१६

प्रिय मामा,

हे पत्र मी लास्तामध्ये बसून लिहिते आहे, बोगोमिलच्या फळीवर कागद ठेवून. चष्मा आणि कप दोन्ही मावतात, तू म्हणालास ते खरं आहे.

आपली फेब्रुवारीतली दोन पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली, त्यावर आपण कधी बोललोच नाही. मी लिहिलं तिथेच राहा, तू लिहिलंस मी बाहेर पडलो. माझं पत्र मिळाल्यावर तू परत बोटीत जाशील असं मला वाटलं होतं. तू गेला नाहीस. नुसते दर रविवारी आकडे पाठवत राहिलास, एकाही कार्डावर दुसरा शब्द नाही, आणि आकडा उतरत उतरत एप्रिलमध्ये तळाला लागला. तिहोमिरला आनंद झाला. मला ती कार्डं बघवत नव्हती.

जूनमध्ये तिला पाण्यात सोडलं तेव्हा मी तुला म्हटलं, सुकोशानपर्यंत तरी चल. तू म्हणालास, मग परत मला कोण सोडणार. मी म्हटलं, मी. तू ऐकू न आल्यासारखं केलंस. मामा, तुला जे ऐकू येत नाही आणि जे ऐकायचं नसतं, त्यातला फरक मला आता कळायला लागला आहे.

उन्हाळाभर मी दर शुक्रवारी इथे आले. तारा नव्या, खिडकी नवी, इंजिन अजून सकाळी कुरकुरतं. बाजूच्या बोटीवर ऑस्ट्रियाचं एक जोडपं आहे, ते मान डोलावतात, मी मान डोलावते. दोनदा बाहेर गेले, एकटीच. शीड भरलं की मी मागे वळून काहीतरी सांगायला जायची आणि मागे सुकाणूच असायचं. मिर्ताचा फोन रविवारी येतो. तिला बोटीचे फोटो पाठवते, ती म्हणते, "छान आहे गं, मम्मा."

परवापासून गारठा पडला, म्हणून मी शेगडी लावून इथेच झोपले. सकाळी जाग आली तर हात भिंतीला लागला आणि ओला झाला. छतावर थेंब, खिडकीवर थेंब, उशीच्या कडेला पाणी. कुठे गळतंय म्हणून मी टॉर्च घेऊन अर्धी बोट शोधली. कुठेच गळत नव्हतं. ते माझंच होतं.

एका माणसात इतकी ओल असते, मला माहीत नव्हतं.

मग मी रडले, तेवढी ओल आणखी वाढली.

मरीनावाल्यांना सांगितलं, हिवाळ्याची जागा नको. ऑक्टोबरात बूरा सुरू व्हायच्या आत मी लास्ताला तुझ्याकडे आणते. टेकू टाकून दिले नसशील अशी आशा आहे. आणि तिला आत कोरडी ठेवायची असेल तर तिच्यात कोणी राहून चालणार नाही, ना तू ना मी. म्हणून मी घरात राहीन. लॅबच्या मालकीणबाईंशी बोलले आहे. ठसे त्या पोस्टाने पाठवतील, कवळ्या मी तिकडे बनवीन, मार्चपर्यंत. तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत दात रांगेने उभे राहतील, पाहुण्यांना सांग फोटो काढायला.

आईची खोली मला दे. आणि कॉड जास्त भिजव.

निवेस

—

उवाला, २६ सप्टेंबर २०१६

प्रिय निवेस,

टेकू जागेवरच आहेत. जूनपासून हलवले नाहीत. यूरे शिबेनिकहून घरी विसरलेलं औषध न्यायला आला होता, म्हणाला, अंगणात काठ्या कशाला उभ्या केल्यास, अडखळून पडशील. मी म्हटलं, असू देत.

क्रेनवाल्याला सांगितलं आहे. तुझ्या आईची खोली झाडून घेतली, खिडकी दोन दिवस उघडी ठेवली. गादी उन्हात टाकली आहे. पाणी कुठेही ओतलेलं नाही.

एकटी येऊ नको, तिहोमिरला बरोबर घे. पण वारा बरा दिसला की तू ऐकणार नाहीसच. तर मग भूशिराच्या बाहेरून ये, आतल्या बाजूला खडक आहे.

कालपासून कवळी घातली आहे. हिरड्या दुखतात आणि "स" म्हणताना शिट्टी वाजते. पण सवय करून घेतो. आता बोलायला लागणार आहे.

तुझा मामा
श्पिरो